वलीची पंचवीस वर्षं

वली सरखोत मला कधी आवडला नाही. तो माझा सख्खा मावसभाऊ, पुढे माझ्या बहिणीचा नवरा झाला, तरी त्यात काडीचा फरक पडला नाही. गावात त्याचं नाव निघालं की लोक "बिचारा, केवढा हुशार होता" म्हणून चुकचुकतात. मी चुकचुकत नाही. एकदा माणसाला बिचारा ठरवला की त्याच्याबद्दल खरं बोलायची चोरी होते, आणि मला आता ती चोरी पाळायचा कंटाळा आलाय.

आमचं गाव बोर्ली पंचतन. तेराशे पंचवीस हिजरीच्या रमजानात, सत्ताविसाव्या रात्री वली जन्मला, आणि दोन दिवसांनी, ईदच्या तोंडावर, मी. आमच्या आया सख्ख्या बहिणी, घरं शेजारीशेजारी. दोघींनी एकेक लाल नाडा बाळगला होता. दर रमजानात मुलाचं वर्ष पुरं झालं की नाड्याला एक गाठ मारायची, फातिहा द्यायचा आणि शेजारीपाजारी खीर वाटायची. आमच्या घरात वय मोजायची रीत ती. तारीख कुणी लिहून ठेवत नसे. कुणी वय विचारलं की नाडा काढायचा आणि गाठी मोजायच्या.

माझी आई मी दहा वर्षांचा असताना गेली. माझा नाडा दहाव्या गाठीला थांबला, तो कायमचा. वलीची आई, माझी जैबुन्निसा खाला, दर सत्ताविसाव्याला वलीच्या नाड्याला गाठ मारी आणि खिरीचा वाडगा माझ्या हातात ठेवून म्हणे, "खा बाला, तुझं पण झालं वरीस." तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तो वाडगा मला कधी गोड लागला नाही.

शाळेत वली पहिला. गणिताचे मास्तर फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवीपर्यंत याचं उत्तर तयार, आणि ते सांगताना हा छताकडे बघायचा, जणू तिथे लिहून ठेवलंय. मी कुठेतरी मधल्या बाकांवर. माझे बाबा बाजारात चार माणसांत मला विचारायचे, "म्हमद, एकाच रमजानातले दोघं तुम्ही, मग तुझ्या टाळक्यात काय भुसा भरलाय?" लोक हसायचे. वली हसायचा नाही, आणि मला त्याच्या त्या न हसण्याचाच जास्त राग यायचा.

पुढे इंग्रजी शिकायला आम्ही दोघं मुरुडला एका नातेवाइकाच्या माडीवर राहिलो. एकोणीसशे पंचवीस साली मॅट्रिक. वर्गातला नजमुद्दीन पास झाला, वली तर गणितात शंभराला टेकला, आणि मी नापास. वलीनं मुंबईच्या कॉलेजात नाव घालायचं ठरवलं होतं. ट्रंकसुद्धा आणली होती. मे महिन्यात केपटाऊनहून पत्र आलं. त्याचे वडील तिकडे दुकानात कामाला होते, ते ज्वरानं गेले. घरात दोन लहान बहिणी, नारळाची वाडी आणि बोर्लीच्या बाजारातलं भुसारी दुकान. वलीनं ट्रंक नजमुद्दीनला देऊन टाकली आणि ती स्वतः खांद्यावर घेऊन त्याला आगबोटीपर्यंत पोचवून आला.

मला त्या दिवशी बरं वाटलं. मावसा गेल्याचं वाईट वाटलं, पण वली धक्क्यावरून रिकाम्या हातानं परत येताना दिसला तेव्हा बरं वाटलं, हे मी लपवत नाही. सतरा वर्षं तो पुढे आणि मी मागे होतो. आता दोघं एका ठिकाणी आलो होतो.

मी पुन्हा मॅट्रिकला बसलो, पुन्हा नापास झालो, आणि सत्तावीस साली मुरुडच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. तिथे हेडकारकुनानं माझी जन्मतारीख विचारली. मी रमजानची एकोणतिसावी आणि हिजरी साल सांगितलं. त्यानं फडताळातून जंत्री काढली. जंत्रीत मुसलमानी आणि इंग्रजी तारखा शेजारीशेजारी छापलेल्या असतात. बोट फिरवून तो म्हणाला, "पाच नोव्हेंबर एकोणीसशे सात. साडेएकोणीस वर्षं." मी म्हणालो, घरच्या हिशेबानं मला वीस पुरी झाली. तो हसला. "अहो, तुमचं वर्ष चंद्राचं. दहा-अकरा दिवसांनी तोकडं. तेहेतीस वर्षांत एक वर्ष जास्तीचं भरतं तुमचं. सरकार चंद्रावर चालत नाही." मला त्या गोष्टीची इतकी गंमत वाटली की सुट्टीत घरी गेल्यावर पहिल्यांदा वलीलाच सांगितली. दुकानात बसून फुशारकी मारली की सरकारनं मला सहा-सात महिने तरुण केलंय. तो गूळ तोलत होता. "हां," एवढंच म्हणाला. मीही ते विसरलो.

आता कारकून म्हणजे बोर्लीत साहेब. मी सुट्टीला आलो की बाबा मला मुद्दाम बाजारातून फिरवून आणत, आणि वलीच्या दुकानासमोर आले की मोठ्यानं खाकरत. वली जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर नारळ सोलत असे. वर बघून "आलास?" म्हणे, आणि पुढचा नारळ घेई. नजमुद्दीन बी.ए. झाला, मग वकील झाला, अलिबागेत त्यानं पाटी लावली. वलीच्या दोघी बहिणींतली मोठी उजवली गेली, मग एकतीसच्या हिवाळ्यात धाकटी. धाकटीच्या लग्नाचा मांडव उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी वलीनं दुकानाच्या फळीखालून बीजगणिताचं पुस्तक काढलं आणि म्हणाला, मी कॉलेजात जाणार.

मला वाटतं, सात वर्षं तो पुस्तक फळीखाली घेऊनच बसला होता. गिऱ्हाईक नसलं की काढायचा, असलं की ढकलायचा. पण आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता, आणि हेच मला झोंबलं. तो नारळवाला झालाय या समजुतीवर मी पाच वर्षं मजेत काढली होती, आणि हा माणूस नारळवाला झालेलाच नव्हता.

गावानं त्याला सोडलं नाही. मशिदीतून बाहेर पडताना पोरं "वलीचाचा, पाटी घेतलीस काय?" म्हणून ओरडायची. नजमुद्दीन सुट्टीवर आला होता. वलीनं त्याच्याकडे जुन्या वह्या मागितल्या. नजमुद्दीन सिगारेट झटकत म्हणाला, "त्या मी भाच्याला दिल्या. यंदा तोच कॉलेजात जातोय. त्याच्याकडून माग, तो तुझ्याच वर्गात असेल." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. वलीची ट्रंक नेलेला माणूस त्याच्याशी असं बोलतो याची मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

मग आमच्या पडवीत बैठक झाली, कारण गोष्ट आमच्याही घरची होती. माझी बहीण गुलबानू लहानपणापासून वलीला सांगितलेली. धाकट्या बहिणींची लग्नं आधी, म्हणून वलीनं आजवर थांबवलं होतं. तिला विसावं उलटून गेलं होतं, आणि तिच्या बरोबरीच्या पोरींना दोन-दोन मुलं होती.

बाबांनी पानाचा डबा उघडला नाही, त्यावरूनच मला बैठकीचा रंग कळला.

"वली, तुना येड लागलंय काय?" बाबा म्हणाले. "चार वरसं तू तिकडे बुकं चाळणार, आणि इकडे लोक माझ्या तोंडात शेण घालणार. माझ्या पोरीचं काय?"

"लगीन करून जातो, खालू."

"आणि तिनं काय तुझी बुकं शिजवून खायची?"

"वाडी हाय. दुकान मामू बघतो बोलला."

"बाला," खाला म्हणाली, "तुझ्या बरोबरीचे वकील झाले. तू आता त्यांच्या भाच्यांसंग बाकावर बसणार? लोक मना काय बोलतील?"

मी गप्प बसायला हवं होतं. मी कचेरीतला माणूस, मला नियम ठाऊक, म्हणून मी बोललो. "वली, तू बी.ए. होशील तोवर तिशी गाठशील. सरकारी नोकरीत पंचविशीच्या पुढे घेत न्हाईत. मग त्या पदवीचं काय करशील? दुकानात टांगशील, नारळाच्या जोडीला?"

"मना नोकरीसाठी न्हाय शिकायचं."

"मग कशासाठी?"

त्यानं छताकडे बघितलं. "पुढचं गणित मना एकट्याला उमगत न्हाय. कोणीतरी शिकवायला पायजे," तो म्हणाला.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी सगळे बोलले. गुलबानू आतल्या दाराच्या पडद्यामागे होती. तिच्या बांगड्या मधूनच वाजत होत्या. तिला कुणी काही विचारलं नाही.

वली कुणाचं ऐकल्यासारखं करत नव्हता. एप्रिलमध्ये सुपारीचं पोतं घेऊन तो आगबोटीनं मुंबईला गेला, आणि तिथून कॉलेज बघून आला. परत आल्यावर चार दिवस गप्प होता. खालानं खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, आणि खालानं ते कौतुकानं आम्हाला येऊन सांगितलं. कॉलेजच्या कचेरीत तो रांगेत उभा राहिला. दाढी राखलेली, डोक्याला तुर्की टोपी, हात नारळ सोलून फाटलेले. खिडकीतल्या कारकुनानं मोठ्या अदबीनं विचारलं, "बसा ना. कुणाला दाखल करायचंय, धाकट्या भावाला?" मागची पोरं फिसकन हसली. वलीनं "हो" म्हटलं, भावासाठी म्हणून फॉर्म घेतला आणि बाहेर पडला.

"हो म्हणून सांगितलं त्यानं," खाला म्हणत होती, "माझा पोर असा हाय, कोणाशी तंडत न्हाय."

मी मनात म्हटलं, संपलं. हा आता जात नाही. पण मी चुकलो. मेच्या पहिल्या आठवड्यात वली दिघीहून होडीनं खाडी ओलांडून मुरुडला माझ्या कचेरीत आला. हातात वर्तमानपत्राचं एक पान होतं. मुंबईच्या एका मुसलमान शिक्षण फंडाची जाहिरात. फी, पुस्तकं, बोर्डिंगात राहायची सोय, सगळं फंड देणार. अट एकच छळणारी होती: एक जूनला उमेदवाराला पंचवीस वर्षं पुरी झालेली नसावीत. शाळेच्या दाखल्यावरचं वय चालणार नाही, कारण ते मास्तर पोराचे दात बघून घालतात हे फंडवाल्यांनाही ठाऊक होतं. त्यांना वेगळा दाखला हवा होता, त्यावर जमातीच्या काझीची आणि एका सरकारी नोकराची सही. अर्ज पंधरा मेच्या आत पोचायला हवा.

वलीनं पान माझ्या मेजावर पसरलं, अटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आईनं यंदा पंचविसावी गाठ मारली. आपल्याना पंचवीस झाली, म्हमद. व्हय ना?"

माझ्या पाठीमागच्या फडताळात जंत्री होती. मला काढायचीही गरज नव्हती. वलीची तारीख माझ्याआधी दोन दिवस, म्हणजे तीन नोव्हेंबर एकोणीसशे सात. एक जून बत्तीसला त्याला चोवीस वर्षं आणि सात महिने होणार होते. खालाच्या नाड्यावर पंचवीस गाठी होत्या आणि फंडाच्या हिशेबात अजून चोविशी चालू होती. पाच महिने हातात होते. गणितात शंभराला टेकलेल्या माणसाला एवढं उमगू नये, याची मला त्या क्षणी जी मजा वाटली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर माझ्याकडे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "झाली पंचवीस."

"म्हणजे तू सही देणार न्हाईस."

"खोटी सही मी कशी देऊ? माझी नोकरी जाईल."

हे मी अगदी नीतीच्या माणसासारखं म्हणालो. मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं तो बशीत ओतला आणि पिता पिता पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. तो संध्याकाळच्या होडीपर्यंत कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. मी दोनदा त्याच्यासमोरून गेलो. त्यानं दोन्ही वेळा मान वर केली.

तेरा तारखेला तो पुन्हा आला. म्हणाला, वाडीतले आंबे आणलेत. आंब्यांची पाटी मेजाखाली ठेवली, उगाच इकडचं तिकडचं बोलला, कचेरीतलं घड्याळ बघितलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "अजून दोन दिवस हायत." मी म्हटलं, "कशाला?" तो म्हणाला, "अर्जाला." मी कागदांत डोकं घातलं. मी मनात सबबी जमवत होतो. गुलबानूचं भलं यातच आहे. खाला एकटी पडेल. हा शिकून यायचा आणि आम्हाला तुच्छ लेखायचा. यातली प्रत्येक सबब खरी होती, आणि एकीसाठीही मी गप्प बसलो नव्हतो. मी गप्प बसलो, कारण तो गेला असता तर मी पुन्हा मधल्या बाकावर आलो असतो.

पंधरा मे गेला. महिनाअखेर शेवटची आगबोट सुटली आणि समुद्र बंद झाला. पावसाळ्यानंतर, शाबान महिन्याच्या आधी वली आणि गुलबानूचं लग्न लागलं. मी स्वतः वलीला हार घातला.

पुढची सात वर्षं सांगण्यासारखी नाहीत. वली दुकानात बसला. पुस्तक परत कुणाला दिसलं नाही. केपहून, रंगूनहून आलेली इंग्रजी पत्रं लोक त्याच्याकडून वाचून घ्यायचे. वाडी त्यानं चांगली राखली. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. सणाला आम्ही एका ताटात जेवायचो, आणि हाडकं शांतपणे बाजूला काढायचो. त्याचं गप्प बसणं मला जड जात होतं, पण मी त्याला तोऱ्याचं नाव दिलं होतं. गुलबानूवर तो कधी ओरडला नाही. कधी हसलाही नाही. ती मला एकदा म्हणाली होती, "भाय, त्यांच्या मनात मी कॉलेजच्या वाटेतला धोंडा हाय." मी तिला म्हटलं, बाईनं असलं मनात आणू नये. फार शहाणपणानं म्हटलं.

यंदा, म्हणजे एकोणचाळीसच्या जूनमध्ये, त्यांची मुलगी कुबरा शाळेत घालायची होती. मी सुट्टीवर होतो. सरकारी माणूस बरोबर असला की काम लवकर होतं म्हणून बाबांनी मला पाठवलं. शाळेच्या व्हरांड्यात हरेश्वर मास्तर रजिस्टर उघडून बसले होते. आता दात बघून वय घालायचे दिवस गेले होते, वरून हुकूम आला होता, जन्मतारीख पाहिजे.

"मुलीची जन्मतारीख?" मास्तरांनी विचारलं.

गुलबानू ओढणी सावरून पुढे झाली. "रजबची बारावी. तेराशे बावन."

"अहो बाई, मला इंग्रजी हवी. आता जंत्री कुठून आणू?"

"एकतीस ऑक्टोबर एकोणीसशे तेहेतीस," वली म्हणाला. तो छताकडे बघत होता. "पाच वरसं, सात महिने."

त्यानं श्वास घेण्याएवढाही वेळ घेतला नव्हता. मास्तर तारीख लिहून घेत होते. हा हिशेब त्याला आज येत होता, तर तो काल शिकलेला नव्हता.

परत येताना बाजार मागे पडेपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग विचारलं, "वली, तुला हे केव्हापासून येतं?"

"काय?"

"चांदाच्या सालावरून इंग्रजी तारीख."

"तू नोकरीला लागलास तेव्हापासून," तो म्हणाला. "गूळ तोलत व्हतो. तूच सांगितलंस."

"म्हणजे बत्तीस साली तुला ठाऊक होतं? चोवीस आणि सात महिने?"

"व्हय."

"आणि माझ्याकडे येऊन पंचवीस झाली म्हणालास?"

वली थांबला. सात वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं तिथे रस्त्यात बोलला, आणि आवाज जराही न चढवता.

"मना भ्या वाटत व्हतं, म्हमद. त्या खिडकीत त्यानं भाऊ हाय काय विचारलं, आणि मी हो बोललो. माझी जीभ आपसूक वळली. घरी आलो तर एक माणूस जा म्हणणारा न्हाय. आई न्हाय, खालू न्हाय. मना वाटलं, एकानं तरी बोलावं. तुना खरं ठाऊक व्हतं, आणि तुझी सही पायजे व्हती. म्हटलं, म्हमदकडं जातो. तो बोलला, येड्या, तुना चोवीसच हायत, घे सही आणि जा, तर मी डोळे मिटून जाणार. तो न्हाय बोलला, तर न्हाय. मी दोनदा आलो. आंबे काय तुना मुरुडात मिळत न्हाईत?"

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. सात वर्षं मी स्वतःला चोर समजत होतो, आणि त्या चोरीची मला सवय झाली होती. आता हा सांगत होता की चोरलेली वस्तू त्यानं स्वतःच माझ्या मेजावर आणून ठेवली होती, आणि मी काय करतो ते व्हरांड्यात बसून बघत होता. स्वतःच्या भीतीचा निकाल त्यानं माझ्याकडून लावून घेतला. मी म्हणालो, "तुला जायचं होतं तर तू जायचंस. माझ्या गळ्यात का बांधलंस?"

"तुझ्या गळ्यात कुठे? भोगलं मीच."

"आणि मी?" मी ओरडलो. "मी सात वर्षं..."

"तू काय केलंस सात वरसं?" वलीनं विचारलं. "पगार घेतलास."

आम्ही दोघं गावाच्या रस्त्यात एकमेकांच्या तोंडाशी तोंड आणून उभे होतो. दोन पावलं मागे गुलबानू होती, हे आम्हाला कुणालाच आठवलं नाही. पडवीतल्या त्या बैठकीत नव्हतं आठवलं, तसंच.

"मी थांबले असते," ती म्हणाली.

आम्ही वळून बघितलं. तिनं तोंडावरची ओढणी मागे सारली होती, भर रस्त्यात.

"चार वरसं काय, सहा थांबले असते. त्या दिवशी पडद्यामागं तेच सांगायला उभी व्हते. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं." ती वलीकडे बघत होती. "जा म्हणणारं माणूस घरात न्हाय म्हणून तुमी खाडी ओलांडून ह्याच्याकडं गेलात. ह्याच्याकडं. मधलं दार ओलांडून माझ्याकडं न्हाय आलात. आणि सात वरसं मी समजत आले, माझ्यापायी तुमचं शिकणं राहिलं. मान खाली घालून जेवण वाढलं तुमाला."

वली काहीतरी बोलायला गेला. गणितात शंभराला टेकलेल्या माणसाकडे उत्तर नाही, हे मी आयुष्यभर बघायची वाट पाहिली होती. ते बघायला मिळालं तेव्हा माझ्याकडेही नव्हतं.

गुलबानूनं कुबराचं मनगट धरलं आणि आम्हा दोघांच्या मधून पुढे निघून गेली. घरी पोचल्यावर तिनं जेवण वाढलं, पण मान वर ठेवून. त्या दिवसापासून ती आम्हा दोघांशी कामापुरतं बोलते. मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला ती स्वतः जाते, आणि वलीनं बरोबर जायला चपला घातल्या तर त्याला दारातूनच परत पाठवते.